अकरावी सायन्सच्या मुलीसाठी ३५ हजारांत लॅपटॉप: नवा घ्यावा की कंपनीतून निघालेला?

सुलभा_बार्शी

नमस्कार मंडळी. माझी थोरली यंदा दहावी झाली. अकरावी सायन्सला प्रवेश मिळालाय आणि दुसऱ्या भाषेऐवजी तिने आयटी विषय घेतलाय. आतापर्यंत सगळं माझ्या फोनवर भागलं. ई-बालभारतीची पुस्तकं फोनवर वाचली, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची सुरुवातही फोनवरच्याच ॲपमध्ये केली, आणि रात्री गच्चीवर जाऊन फोन आकाशाकडे धरून तारे ओळखत बसते. आता तिला लॅपटॉप हवाय आणि मलाही वाटतं की मिळावा.

मी पतसंस्थेत क्लार्क आहे. पुढच्या महिन्यात भिशी माझ्या नंबरवर आहे, त्यातून ३५ हजार बाजूला काढता येतील. फारच गरज पडली तर ३८. हप्त्यावर घ्यायचा नाही हे घरात पक्कं ठरलंय, कारण धाकट्याच्या क्लासची फीसुद्धा याच वर्षी आहे.

इथल्या दुकानदाराने दोन नवे दाखवले. एक २७ हजारांचा, मोठ्या पडद्याचा, सेलेरॉन प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा). दुसरा ३७ हजारांचा, रायझन ५, तोही ८ जीबी आणि ५१२. माझे दीर पुण्यात नोकरीला आहेत. ते म्हणतात, वहिनी, कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठीकठाक करून विकलेला, घ्या, पंचवीस हजारांत १६ जीबीचा येतो. आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं: दुसऱ्याने वापरलेली वस्तू पोरीला कशाला, आणि बंद पडली तर विचारायचं कोणाला?

लॅपटॉप निदान पाच वर्षं चालला पाहिजे, बारावी आणि पुढची डिग्री. घरी वायफाय नाही, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायचा आहे. लाइट जाते-येते. या सगळ्यात काय बघायचं तेच मला कळत नाही. दुकानदार जे बोलतो ते ऐकून मान डोलवायची वेळ येऊ नये म्हणून इथे विचारतेय.

---

निखिल_सीओईपी_नाही

ताई, पाच वर्षं म्हणत असाल तर ५५-६० हजारांचा ग्राफिक्स कार्डवाला घ्या. पुढे इंजिनिअरिंगला गेली तर तिसऱ्या वर्षी लागतोच. नो कॉस्ट हप्ते असतात, जाणवत नाही. ३५ हजारांत नवीन घेऊन दोन वर्षांनी परत खर्च करण्यापेक्षा बरं.

---

सांगली_चिपलेव्हल

सुलभाताई, माझं सांगलीत दुरुस्तीचं काम आहे. लॅपटॉप मी विकत नाही, फक्त उघडतो आणि जोडतो. त्यामुळे पाच वर्षांत कशाचं काय होतं ते रोज टेबलावर बघतो. तेवढंच सांगतो.

ग्राफिक्स कार्डवाला आत्ता अजिबात नको. तो जड असतो, बॅटरी लवकर उतरते, आणि अकरावी-बारावीच्या कामात ते कार्ड पडूनच राहील. इंजिनिअरिंगला गेली आणि शाखेला खरंच गरज असली तर तेव्हाचं तेव्हा बघा. हप्ता नको म्हणताय ते योग्यच आहे.

आता तुमचे दोन नवे. २७ हजारांच्या सेलेरॉनला हात लावू नका. दुकानात रिकामा चालू करून दाखवतात तेव्हा तो पळतो, कारण एसएसडी आहे. पण स्वस्त लॅपटॉपमध्ये येणाऱ्या एन४०२० किंवा एन४५०० या सेलेरॉनमध्ये दोनच कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, असतात. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू, बाजूला पीडीएफ उघडी, आणि मागे विंडोजचं अपडेट सुरू झालं की तो जागेवर बसतो. ८ जीबी रॅम टाकली म्हणून प्रोसेसर बदलत नाही. असे लॅपटॉप माझ्याकडे "स्लो झालाय, फॉरमॅट मारा" म्हणून येतात. फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नव्या स्वस्तातच घ्यायची वेळ आली तर निदान इंटेल एन१००, ज्यात चार कोर आहेत, किंवा त्याहून पुष्कळ चांगला म्हणजे आय३-१२१५यू.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट कोणत्याच जाहिरातीत नसते: लॅपटॉप खालून उघडता येतो का, आणि उघडल्यावर आत काय बदलता येतं. पाच वर्षांत बॅटरी एकदा तरी बदलावी लागणार. किबोर्डवर चहा-पाणी सांडू शकतं. चार्जिंगची पिन ढिली होते. आणि बिजागरी! स्वस्त लॅपटॉपचा सगळ्यात मोठा रोग बिजागरीचा. पडद्याची लोखंडी बिजागरी खालच्या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर आवळलेली असते. मुलं पडदा एका कोपऱ्याला धरून उघडतात, बिजागरी हळूहळू घट्ट होत जाते, आणि एक दिवस ते नट प्लास्टिकसकट उपटून बाहेर येतात. मग पडदा उघडला की खालची बॉडी फाकते. एम-सील लावून आणलेले लॅपटॉप माझ्याकडे कायम असतात. ते टिकत नाही, पूर्ण पॅनेल बदलावं लागतं, आणि दर वेळी मिळतंच असं नाही.

कंपन्या नोकरदारांना देतात त्या मॉडेलमध्ये हा त्रास फार कमी, कारण त्यांची बांधणीच दणकट असते. आयटी विभागाला शेकडो मशीन सांभाळायची असतात, म्हणून ती पटकन उघडता येतील आणि सुटे भाग मिळतील अशीच बनवलेली असतात. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचे लॅटिट्यूड ५४९०, ७४९० किंवा ५४००, एचपीचा एलिटबुक ८४० जी५. या सगळ्यांत रॅमचे दोन स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या खाचा, आहेत. टी४८०ला तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून खटका ओढून काढता येणारी. भाग बदलून बदलून ही मशीन चालतात. म्हणून तुमच्या दिरांच्या बाजूने माझं मत.

एक अट मात्र पक्की. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचाच हवा. आय५-८२५०यू असं लिहिलेलं असतं, त्यातला ८ म्हणजे आठवी पिढी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीची मशीन आता ढिगाने स्वस्त विकताहेत ती याचमुळे. त्यांत विंडोज ११ आडवाटेने घालून देतात. गिऱ्हाइकाला कळत नाही.

आणि रॅम घेतानाच १६ जीबी घ्या. "आधी ८ घ्या, पुढे वाढवू" असं मी पूर्वी सर्रास सांगायचो, पण २०२५च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत. नंतर सुटी घेणं महाग पडेल.

---

आयटी_शिक्षिका

मी ज्युनिअर कॉलेजला हाच विषय शिकवते, म्हणून अभ्यासक्रमापुरतं लिहिते.

सुलभाताई, सायन्सच्या आयटीमध्ये अकरावीला एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि डेटाबेससाठी पोस्टग्रेस येतं. बारावीला त्यावर पीएचपी. हे सगळं लॅबमध्ये होतं, पण एका संगणकावर दोन-तीन मुलं बसतात आणि टाइप एकच करतो. घरी स्वतःच्या हाताने चुका करून दुरुस्त करणाऱ्या मुलीचा फरक मला दिवाळीच्या आत दिसतो. यासाठी लागणारं सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सांगलीच्या दादांनी सांगितलेल्या मशीनवर अगदी सहज चालतं. पायथनसाठी तिला थॉनी टाकून द्या, सुरुवातीला फार छान आहे. आणि ताऱ्यांचा नाद आहे म्हणालात ना, तर स्टेलेरियम नक्की टाका. तेही फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की मूळ नकाशाला इंटरनेट लागत नाही. बार्शीचं ठिकाण भरून द्या, म्हणजे तिच्या गच्चीवरचं आकाश पडद्यावर दिसेल. हे वाचून मला तुमच्या मुलीला भेटावंसं वाटलं.

अजून एक कारण. आयटीचा बोर्डाचा पेपर संगणकावर होतो. पुढे एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनही संगणकावरच. तीन तास पडद्यावर प्रश्न वाचून कागदावर गणित सोडवायची सवय लागायला वेळ जातो. फोनवर ती लागत नाही.

त्यासाठी पडदा चांगला हवा, हे मी आग्रहाने सांगेन. १३६६ बाय ७६८चा पडदा घेऊ नका. कंपन्यांतून निघालेल्या मशीनमध्येही असे फिक्के पडदे पुष्कळ असतात. फुल एचडी आणि आयपीएस असंच विचारून घ्या. दुकानात पडदा बाजूने आणि वरून बघा. रंग उलटे-पांढरट दिसले तर तो आयपीएस नाही. मुलं पलंगावर, जमिनीवर, कशीही बसून वाचतात, मग डोळे दुखतात.

हॉटस्पॉटचं: विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा. नाहीतर तुमचा दिवसाचा डेटा सकाळी अपडेटमध्येच संपेल आणि फोनवर व्हॉट्सॲपसुद्धा धड चालणार नाही. पण अपडेट कायमचे बंद करू नका. महिन्यातून एकदा जिथे वायफाय असेल तिथे नेऊन करून घ्या.

---

वाळूज_बाबा

मी दुसरी बाजू मांडतो. रिफर्बिश्डचं गणित पुण्या-मुंबईत ठीक आहे. तालुक्याच्या गावी बसून पुण्यातून मशीन आणली आणि सहा महिन्यांत मदरबोर्ड गेला तर? विकणाऱ्याची वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या दुकानात न्यायचं, तो पंधरा दिवस ठेवणार. माझ्या मेहुण्याच्या मुलाला असंच झालं. ऐन परीक्षेच्या वेळी मशीन दुकानात. नव्याला कंपनीची एक वर्षाची वॉरंटी असते, थोडे पैसे भरून वाढवता येते, बऱ्याच वेळा इंजिनिअर घरी येतो. शिवाय नव्याबरोबर अनेकदा मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन्स मिळतं.

आय३-१२१५यू आणि ८ जीबीचा नवा बजेटमध्ये बसत असेल तर वहिनींच्या मिस्टरांचं ऐकावं. सहा कोर आहेत त्यात, आठव्या पिढीच्या आय५ला मागे टाकतो. फक्त रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का तेवढं विचारा.

---

सांगली_चिपलेव्हल

वाळूजच्या दादांचं १२१५यूबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. तो प्रोसेसर चांगलाच आहे आणि वॉरंटीचा मुद्दाही खरा. म्हणून रिफर्बिश्ड घ्यायचा तर पुण्यातून नको, सोलापूरला घ्या. बार्शीहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मशीनचा सिरियल नंबर, आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. हे देत नसेल त्या दुकानाची पायरी उतरा.

बघायचं काय ते लिहितो. दीर बरोबर असले तर उत्तम.

मशीन बंद असताना सपाट काचेवर ठेवा. डगमगली किंवा टचपॅड मधूनच फुगलेला वाटला तर आत बॅटरी फुगली आहे. अशी मशीन घरात आणू नका, धोका असतो. मग चालू करताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा, डेलला एफ२, लेनोव्होला एफ१, एचपीला एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. जुन्या कंपनीचा पासवर्ड काढणं हे घरचं काम नाही.

यानंतरची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. विंडोज नव्याने टाकायला लावा आणि पहिली जुळणी (सेटअप) तुमच्या समोर, तुमच्या हॉटस्पॉटला जोडून करायला सांगा. काही मशीन जुन्या कंपनीच्या यादीतून काढलेल्याच नसतात. इंटरनेट मिळालं की त्या कंपनीचं नाव झळकतं आणि तिथला ऑफिसचा ईमेल मागतात. दुकानदार इंटरनेटशिवाय जुळणी करून देतो तेव्हा हे लपून राहतं. पुढे कधी फॉरमॅट मारला की ते वर येतं आणि मशीन अडकते.

बॅटरीसाठी दिरांना विंडोजमधल्याच पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगा. त्यात कारखान्यातली क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही आकडे येतात. आताची सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा तेवढे पैसे कमी करा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. पेन ड्राइव्ह बरोबर न्या आणि प्रत्येक पोर्टमध्ये घालून बघा. नोटपॅड उघडून एकूण एक बटण दाबा, स्पेसबारची दोन्ही टोकंसुद्धा. पडद्यावर पांढरं पान आणून डाग बघा. पडदा हाताने दहा वेळा उघडा-मिटा आणि कान द्या, करकर नको. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का ते सेटिंगमध्ये दिसतं. ऑफिस मागू नका, नाहीतर चोरीचं टाकून देतील आणि त्याबरोबर व्हायरस. त्याऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस पुरतं.

चार्जर ओरिजिनलच घ्या, त्यासाठी पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील. लोकल चार्जरने पिन तापते आणि बोर्डावरचा चार्जिंगचा भाग जळतो. तुमच्याकडे लाइट जाते-येते, म्हणून स्पाइक गार्ड लावा, आणि गेली की प्लग काढून ठेवायचा. परत येताना विजेचा दाब एकदम चढतो, तेव्हाच नुकसान होतं. लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घाबरू नका, पण घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत ते बहुतेक नसतंच.

---

सुलभा_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि ह्यांनाही वाचायला दिलं. बॅटरी फुगण्याचं आणि पासवर्डचं वाचून ते म्हणाले, म्हणजे बघून घेता येतो तर. त्यांचा विरोध बराच मावळलाय.

आज पुन्हा दुकानात जाऊन ३७ हजारांच्या नव्याचा पूर्ण नंबर लिहून आणला. रायझन ५ ७५२०यू. दुकानदार म्हणाला की आय३पेक्षा रायझन ५ मोठा, नंबरही सात हजारांचा, म्हणजे एकदम नवा. रॅम पुढे वाढवता येईल का विचारलं तर "हो हो, करून देऊ" म्हणाला. हे खरं आहे का?

---

सांगली_चिपलेव्हल

ताई, नंबर पूर्ण लिहून आणलात हे फार चांगलं केलंत.

रॅम वाढवता येणार नाही. ७५२०यूला एलपीडीडीआर५ प्रकारचीच रॅम चालते आणि ती बोर्डावर कारखान्यातच डाग देऊन बसवलेली असते. स्लॉटच नसतो. ८ जीबी म्हणजे पाच वर्षं ८ जीबीच.

आणि नंबर असा वाचायचा. पहिला आकडा ७, म्हणजे कोणत्या वर्षाच्या मालिकेत विकला. दुसरा ५, म्हणजे कोणत्या दर्जाचा. तिसरा आकडा आतली रचना सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, जी २०१९ची रचना. कोर चार. ७५३०यू असता तर तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, आणि कोर सहा. एका आकड्याचा फरक, पण मशीन पार वेगळी. "रायझन ५" हा शब्द दोन्हींवर तसाच छापलेला असतो. १२१५यूचा आय३ या ७५२०यूपेक्षा वेगवान आहे, नाव काहीही असो.

तेव्हा ३७ हजारांना हा नको.

---

वाळूज_बाबा

७५२०यूबद्दल पूर्ण सहमत. हा नवा असेल तर मीही रिफर्बिश्डच म्हणेन.

---

आयटी_शिक्षिका

सुलभाताई, जाताना मुलीला बरोबर न्या. किबोर्डवर तिची बोटं बसतात का, वजन तिला झेपतं का, हे तिनेच बघायचं. आणि तपासणीची यादी तिच्याच हातात द्या.

---

सुलभा_बार्शी

तिला नेणारच आहे. यादी तिनेच पुन्हा सुवाच्य लिहून काढलीय आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला चौकोन काढलेत. दीर शनिवारी पुण्याहून थेट सोलापूरला येतील, आम्ही दोघी सकाळच्या एसटीने. १६ जीबी, आय५ आठवी पिढी किंवा पुढची, फुल एचडी आयपीएस, पक्कं बिल. पंचविसात बसला तर उरलेल्यातून स्पाइक गार्ड, चांगली पाठीवरची बॅग, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग.

दादा, एकच विचारायचं राहिलं. टी४८० आणि लॅटिट्यूड ५४०० दोन्ही मिळाले, भावही सारखा, तर कुठला?

---

सांगली_चिपलेव्हल

दोन्हींत ज्याचा पडदा चांगला आणि बॅटरीचा रिपोर्ट बरा, तो. सगळंच सारखं निघालं तर टी४८०. बाहेरची बॅटरी जुनी होऊन कमजोर झाली की तुम्हाला दुकानात यावंच लागत नाही, नवी मागवून तुमची मुलगीच बदलेल.